ठमाबाईंचे अकरा पावसाळे

ठमाबाई,

तुम्ही गेल्याचं मला अठरा दिवसांनी कळलं. तेही धसईच्या बाजारात, वांगी निवडताना. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून पदर सारखा केला, आणि मी ओळखलं, तुमची मंदा. अंगणवाडीची साडी, हातात पिशवी. मी सहज विचारलं, "आई कशी आहे?"

"आई गेली की सायेब. अठरा दिस झालं. तापाचं निमित झालं." मग जरा थांबून म्हणाली, "तुमाला कोन कळवनार?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तुमच्या घरात मला कळवावं असं माझं नातं उरलंच नव्हतं, तेवढंच ती सांगत होती. ती धसईहून मुरबाडला जाणाऱ्या गाडीकडे निघाली. मी वांगी तिथेच ठेवून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

हे तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही असतात तरी वाचलं नसतंत, अक्षरं तुम्हाला कधी फारशी लागली नाहीत. आकडे मात्र वाचायचात. त्या आकड्यांबद्दलच बोलायचं आहे. इतकी वर्षं बोललो नाही, आता बोलतो आहे, आणि याचा तुम्हाला काही उपयोग नाही हे मला समजतं.

मी पहिल्यांदा मोहपाड्याला आलो ते नव्वद सालानंतर लगेचच. पाण्याच्या खात्यात नवा लागलेला कनिष्ठ अभियंता. टोकावड्याच्या पुढे एसटीतून उतरायचं, डांबरी सोडायची आणि तासभर चढायचं. पाड्याच्या डोक्यावर घाटाची भिंत, पाड्याच्या कुशीतून उतरणारा ओढा, तुमचा व्हाळ. खाली जाऊन तो काळू नदीला मिळतो. आमच्या खात्याने पाड्यावर पाऊस मोजायचं भांडं बसवलं होतं आणि ओढ्याच्या कातळाला पाण्याची उंची दाखवणारी पांढरी-काळी पट्टी ठोकली होती. दोन्हींच्या नोंदी रोज सकाळी साडेआठला वहीत लिहायच्या. वाचक म्हणून नाव होतं तुमच्या नवऱ्याचं. नवसूदादा चौथी पास होते.

त्यांना पहिल्याच श्रावणात कंटाळा आला. मी एका सोमवारी न सांगता आलो, तर वहीत गुरुवारपर्यंतचा पाऊस लिहून झालेला. मी चिडलो. नवसूदादा शांतपणे म्हणाले, "पडनारच हाय ना सायेब. आज लिवला काय नि गुरवारी लिवला काय."

तुम्ही दारात उभ्या राहून हसू दाबत होतात. मग म्हणालात, "मला शिकवा. मी रोज पान्याला तिथंच जाते. बघून येईन."

दिवाळीनंतर नवसूदादा वीटभट्टीवर जायचे, ते पाऊस तोंडावर आला की परत. ओढ्याची पट्टी तर बारमाही वाचायची. मला दुसरा माणूस नव्हताच. मी कोळसा घेतला आणि तुमच्या ओटीवरच्या सारवलेल्या जमिनीवर एक ते नऊ काढले.

चार फेऱ्यांत तुम्हाला आकडे आले. मला वाटलं होतं दशांश चिन्ह जड जाईल. पण तुम्ही आयुष्यभर भात पायलीने आणि शेराने मोजलेलं. पुऱ्या मापानंतर उरलेला पसाही मोजायचा असतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नव्हती. तुमचे आकडे मोठे यायचे, चौकोनाच्या रेघा ओलांडून शेजारच्या तारखेत पाय टाकायचे, पण चुकायचे नाहीत. एकदा तुम्ही विचारलंत, "पानी रेघेच्या मधी असलं तर वरची रेघ लिवू का खालची? तुमाला कोनती बरी?"

मी म्हणालो, "मला बरी-वाईट नाही. आहे ते लिहायचं. आपल्याला काय हवं ते नाही लिहायचं."

तुम्ही मान डोलावलीत. त्या दिवसापासून तुम्ही मला 'मास्तर' म्हणायला लागलात. पाड्यातले सगळे साहेब म्हणायचे. मी दोनदा सांगितलं, अहो, मी मास्तर नाही. तुम्ही म्हणालात, "शिकवलं कोनी मग?"

तुम्हाला माहीत नव्हतं, त्या शब्दाने मला किती आनंद व्हायचा. मी शहापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला. आमच्या घरात पहिली पगाराची नोकरी माझी. माझी आजी साठीनंतर स्वतःचं नाव लिहायला शिकली, आणि रेशनच्या दुकानात सही केली त्या दिवशी वाडीभर सांगत फिरली. न शिकलेल्या माणसाला लोक कसं बाजूला सारतात, हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. म्हणूनच पुढे मी जे केलं, ते मला न कळत घडलं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

तुमची मी एकदा परीक्षा घेतली होती. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरच्या उघडिपीत. संध्याकाळी पाड्यातून परतताना मी तुमच्या नकळत भांड्यातल्या बाटलीत मोजून पाणी ओतलं आणि निघून गेलो. आठवड्याने आलो. वही उघडली तर मी ओतलं होतं तेवढाच आकडा, बिंदूपर्यंत बरोबर. आणि त्याच्यापुढे कोळशाने एक फुली.

"ही फुली कसली?"

"रातचा पाऊस नाय पडला मास्तर. पन बाटलीत पानी व्हतं. व्हतं तेवढं लिवलं. पन त्यो पाऊस नाय, म्हनून फुली."

मी कबूल केलं. तुम्ही आधी रागावलात, मग पोट धरून हसलात. "आमाला वाटलं भुतानं वतलं!"

ठमाबाई, खात्यात मी इतकी वर्षं काढली. इतकी शुद्ध नोंद मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

मग आपला तो वाद सुरू झाला, जो शेवटपर्यंत मिटला नाही. सात-आठ पावसाळे झाले असतील. मी वह्या चाळून म्हणालो, "पाऊस तर दरवर्षी साधारण तेवढाच आहे." तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "तेवढाच हाय. पन येतो नि पळतो."

"म्हणजे?"

"आधी कसा बसायचा. चार-चार दिस बारीक बारीक. जमिनीला प्यायला टाइम भेटायचा. आता एक दिस धो धो, नि मंग आठ दिस ऊन. व्हाळाला लोंढा येतो, सांजच्याला बघाल तर गोटे दिसतात. आधी होळीपतूर पानी असायचं पट्टीला. आता पट्टी कोरडी कवा व्हते बघा ना तुमच्या वहीत."

मी बघितलं. तुमचं बरोबर होतं. पट्टीवरून पाणी उतरायचा दिवस दरवर्षी थोडाथोडा लवकर येत होता. मधे एखादं वर्ष सावरायचं, मग पुन्हा तेच. तुम्ही म्हणायचात, वरचा डोंगर तोडला म्हणून. मी म्हणायचो, पावसाचं चक्र असतं, पाच-दहा वर्षांनी फिरतं. तुम्ही म्हणायचात, "चाकाला काय दात नसतात, मास्तर? फिरलं तर कायतरी ओरबाडनारच." पुढे वर्तमानपत्रांत समुद्र तापल्याचं, पावसाची चाल बदलल्याचं येऊ लागलं. तेव्हा वाटलं, आपण दोघंही अर्धं अर्धं बरोबर होतो. तुमचा डोंगरही बोडका झाला होता आणि वरचं आभाळही पूर्वीचं राहिलं नव्हतं. हे तुम्हाला येऊन सांगावं असं अनेकदा वाटलं. पण तोपर्यंत तुमच्यासमोर उभं राहायची माझी लायकी उरली नव्हती.

तुमचा अकरावा पावसाळा संपला त्या हिवाळ्यात एक खाजगी कंपनी आली. घाटातून पडणारं पाणी वर बांध घालून अडवायचं, पाइपातून खाली सोडायचं आणि टर्बाइन फिरवून वीज करायची. छोटासाच प्रकल्प. ओढ्यात किती वीज आहे त्याचा हिशेब आमच्या ऑफिसने तपासून द्यायचा होता आणि काम माझ्याकडे आलं.

हिशेब अवघड नव्हता. वर्षभरात एकूण किती पाऊस पडला याने अशी वीज ठरत नाही. पाइप पुरेसा भरून किती दिवस वाहील, याने ठरते. लोंढा आला तर जास्तीचं पाणी बांधावरून वाया जातं आणि ओढा आटला की टर्बाइन थांबतं. म्हणजे तुम्ही तांदूळ निवडताना जे म्हणाला होतात, तोच प्रश्न. मी तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदी मांडल्या. उत्तर आलं, भातकापणी सरायच्या आत टर्बाइन बंद पडेल, आणि भर पावसातही उघडिपीत मधेमधे अडखळेल. प्रकल्प परवडणारा नव्हता.

दुसरी आकडेवारी होती खूप जुनी, दूरच्या एका मोठ्या नदीवरच्या केंद्राची, मी शाळेतही नव्हतो तेव्हाची. तिच्यात पाणी शांतपणे होळीपर्यंत वाहत होतं. तिच्यावरून तुमच्या ओढ्याचा अंदाज बांधला की प्रकल्प झकास बसत होता.

मी दोन्ही कागद घेऊन साहेबांपुढे गेलो. कंपनीची दोन माणसं बसली होती. साहेबांनी कागद पाहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाईत होते.

"या मोहपाड्याच्या केंद्रावर वाचक कोण?"

"नवसू म्हणून आहे, साहेब."

"तोच वाचतो रोज?"

"त्याची बायको वाचते."

"शिकलेली?"

ठमाबाई, त्या वेळी माझ्याजवळ सांगायला किती होतं. बाटलीतल्या पाण्याची गोष्ट होती, फुली होती. अगदीच भित्रं उत्तर द्यायचं तर, 'अकरा वर्षं थोडी आहेत, आणखी पाच वर्षं मोजू,' असं म्हणता आलं असतं. ते शास्त्राला धरूनही झालं असतं. पण माझी शहापूरला बदली व्हायची होती. आई आजारी होती. साहेबांची सही त्या बदलीवर हवी होती. पाड्यात वीज आली तर चांगलंच, असंही मी स्वतःला सांगत होतो. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं, आणि मी म्हणालो,

"नाही."

एक शब्द. तो खोटाही नव्हता. तुम्ही शाळेची पायरी चढला नव्हतात.

कंपनीचा एक माणूस हसला. साहेबांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "शेरा टाका." मी लिहिलं, माझ्याच अक्षरात: वाचक अशिक्षित असल्याने सदर नोंदी ग्राह्य धरू नयेत. खाली सही. आजी वाडीभर मिरवली होती ती तिची सही होती आणि ही माझी.

केंद्र बंद करायचा आदेश निघाला. भांडं उचलायला मीच आलो. तुम्ही ते धुऊन, पुसून ओटीवर ठेवलं होतं. वही चादरीत गुंडाळलेली. तुम्ही विचारलंत, "माझं कुठं चुकलं का, मास्तर?"

मी म्हणालो, "वरून आदेश आहे."

"नाय, पन कुठं चुकलं ते सांगा. मी बघते परत."

"तसं काही नाही," मी म्हणालो, आणि भांडं उचलून उतार उतरू लागलो. तसं काही नाही. या तीन शब्दांतून माणसाने काय समजायचं? तुम्ही समजायचं तेच समजलात.

पुढच्या वेळी आलो ते जमिनीचे कागद घेऊन. पाइप तुमच्या वरकस उतारावरून, नाचणीच्या तुकड्यातून जाणार होता. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं. तुमची पाळी आली. मी पेन पुढे केलं. आकडे शिकल्यावर पुढच्या वर्षी तुम्ही हट्टाने स्वतःचं नाव लिहायला शिकला होतात. ठ चं पोट नेहमी फार मोठं काढायचात.

तुम्ही पेनाकडे पाहिलंत आणि अंगठा पुढे केलात.

"ठमाबाई, तुम्हाला सही येते की."

"नको. माझं लिवलेलं खरं नसतं, सायेब."

तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा साहेब म्हणालात. मी शाईचा डबा उघडला. तुमचा अंगठा धरून कागदावर टेकवला. तुमचा हात माझ्या हातात होता, तुम्ही माझ्यापासून वीतभर अंतरावर होतात, आणि मी तेव्हाही बोललो नाही. मागे रांग होती. मी म्हणालो, "पुढचे."

बदली झाली. मी शहापूरला आलो. आईची शेवटची वर्षं तिच्याजवळ काढली. त्या वर्षांचं सुख मी घेतलं, ते कोणाच्या जिवावर घेतलं हे माहीत असून घेतलं.

बांध झाला, पाइप आला. पहिल्या पावसाळ्यात टर्बाइन फिरलं. वीज तारांवरून तुमच्या पाड्याच्या डोक्यावरून निघून गेली, पाड्यात दिवा लागला नाही. नवरात्र संपेपर्यंत यंत्र धापा टाकायला लागलं आणि दिवाळीला बंद पडलं, तुमच्या आकड्यांनी जसं सांगितलं होतं अगदी तसंच. पुढच्या वर्षी, दोन हजार पाचच्या जुलैत, तो पाऊस झाला. सगळ्या ठाणे जिल्ह्याला तो आठवतो. घाटातून ओढा दगडगोटे घेऊन आला. बांध गोट्यांनी भरून गेला, पाइपासाठी खणलेला उतार सुटला आणि तुमचा नाचणीचा तुकडा घेऊन खाली आला. माणसं वाचली. जागा मला ठाऊक म्हणून पाहणीला मलाही पाठवलं.

तुम्ही त्या चिखलाच्या कडेला एका दगडावर बसला होतात. मी जवळ येऊन उभा राहिलो. येताना सगळ्या वाटेने मी मनात वाक्य जुळवत आलो होतो. ठमाबाई, तुमचं खरं होतं. एवढंच वाक्य.

तुम्ही आधी बोललात. "किती झाला पाऊस, सायेब?"

मी टोकावड्याच्या केंद्रावरचा आकडा सांगितला.

"एवढाच?" तुम्ही चिखलाकडे बघत राहिलात. "मला लय वाटला. पन माझा अंदाज चुकतोच."

आणि मी, ठमाबाई, गप्प राहिलो. घाटाखालच्या पाड्यावर टोकावड्याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मला तर नक्की माहीत होतं. फक्त त्या दिवशी मोहपाड्यावर तो मोजायला कोणी नव्हतं. मी वहीत काहीतरी खरडलं आणि जीपकडे गेलो.

त्यानंतर एकदा प्रशिक्षणाला गेलो होतो. पावसाची चाल बदलते आहे, जुन्या आकड्यांवर जलविद्युतचे हिशेब करणं आता धोक्याचं आहे, असं एक बाई समजावून सांगत होत्या. तुमच्याच वयाच्या. त्यांनी सभागृहाला विचारलं, "सह्याद्रीच्या पायथ्याच्या छोट्या ओढ्यांच्या सलग दहा-बारा वर्षांच्या नोंदी कोणाकडे आहेत का? असल्या तर त्या सोन्यासारख्या आहेत." कोणी हात वर केला नाही. मीही नाही.

धसईच्या बाजारातून परतलो त्या दिवशी मात्र मला बसवेना. दुसऱ्या दिवशी जुन्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. अकरापैकी नऊ वह्या सापडल्या. दोन वाळवीने खाल्ल्या होत्या. तुमचे ते रेघा ओलांडणारे मोठे आकडे. मी तिथेच बसून एक पत्र लिहिलं. मोहपाडा केंद्राच्या नोंदी अचूक होत्या, मी स्वतः त्या तपासल्या होत्या, आणि त्या नाकारणारा माझा शेरा खोट्या हेतूने लिहिलेला होता. आताचे साहेब माझ्याहून लहान आहेत. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. "आता कशाला हे? प्रकल्प भंगारात गेला. हे तुमच्यावरच येईल." मी म्हणालो, "आवक शिक्का मारा." त्यांनी मारला. काय होईल ते होईल. त्याने मला फार बरं वाटलं असं नाही. कागदाची भरपाई कागदाने केली, एवढंच.

मग रविवारी मोहपाड्याला आलो. तुमच्या घरी.

मंदा ओटीवर तांदूळ पाखडत होती. नवसूदादा खांबाला टेकून बसले होते. फार वाळलेत. मी बसलो, पाणी घेतलं आणि मंदाला सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात, तिच्यापुरतं. साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, काय लिहिलं, सगळं. सूप तिच्या हातात थांबलं.

"म्हंजे आईचे आकडे बरोबर व्हते?"

"एकूण एक."

"नि कंपनीनं ते घेतलेच नाय?"

"नाही. ते घेतले असते तर पाइप आलाच नसता."

मंदाने सूप खाली ठेवलं. मग तिने मला जे सांगितलं, ठमाबाई, ते मला माहीत नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. आणि माहीत नव्हतं याचीच आता जास्त लाज वाटते. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

पाड्याने तुम्हाला पाणी मोजताना अकरा वर्षं पाहिलं होतं. मग पाण्यासाठी कंपनी आली. लोकांनी सरळ अर्थ लावला, की ठमीच्या आकड्यांवर पाइप आला. यंत्र बंद पडलं तेव्हा म्हणाले, ठमीनं पाणी जास्त लिवलं. उतार सुटून चार घरांची वरकस जमीन गेली तेव्हा तोंडावर म्हणाले. विहिरीवर बायका तुम्ही आलात की गप्प व्हायच्या. आणि तुम्ही कोणाशी भांडला नाहीत, कारण तुम्हालाही तेच वाटत होतं.

"तापात पन बोलायची," मंदा म्हणाली. "माझ्या हातनं पाड्याचं वाटोळं झालं. कुठं चुकले त्ये मास्तर सांगत नाय. सायेब नाय म्हनायची तवा. मास्तर म्हनायची."

मला तिच्याकडे बघवेना. मी उठायला लागलो. तिने माझी बाही धरली. रागाने नाही, पण घट्ट.

"बसा. माझ्या कानात सांगून जाल तर कसं व्हईल? माझ्या बाला ऐकू येत नाय आता. त्याला सांगा. मोठ्यानं सांगा, या लोकान्लाबी ऐकू जाऊ दे."

समोरच्या अंगणात दोन बायका भात वाळत घालत होत्या. पलीकडे ओट्यावर तीन-चार माणसं बसलेली. मी नवसूदादांच्या पुढ्यात उकिडवा बसलो आणि म्हणालो, "दादा, ठमाबाईंचं काही चुकलं नव्हतं."

"आं?" त्यांनी कानाला हात लावला.

"मोठ्यानं," मंदा म्हणाली.

मी ओरडलो. उभ्या आयुष्यात इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. "ठमाबाईंचे आकडे खरे होते! मी साहेबांना खोटं सांगितलं! त्यांच्या आकड्यांवर पाइप नाही आला! माझ्या सहीवर आला!"

भात पसरणाऱ्या बायका थांबल्या. ओट्यावरची माणसं उठून कुंपणाशी आली. एकाने विचारलं, "काय म्हनतो सायेब?" तर मंदा म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. शब्द तेच, पण दुसऱ्या वेळी माझा आवाज फाटला. कुंपणाशी आता दहाबारा जण होते. एक म्हातारी तिथेच खाली बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

नवसूदादांना सगळं ऐकू गेलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलत होते, जणू ऐकलेलं एकेक करून लावून बघत होते. मग त्यांनी हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला आणि बहिरा माणूस बोलतो तशा मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले,

"ह्ये तिला सांगाचं व्हतं, रे."